रिकामी खेप

घरत सरांची गाडी आगरदांड्याच्या फेरीबोटीतून दिघीला उतरली आणि त्यांनी पहिला फोन रचनाला केला. विचारलं काय, तर, "जेवायला मासा कुठला हाय?" दुर्बिणीचं, ढगाचं, हवामानाचं अवाक्षर नाही. रचनाने "बघते सर" म्हणून फोन ठेवला आणि तोंड असं केलं की आईने हातातलं काम टाकून विचारलं, "काय झालं ग?"

"काही नाही. थोर खगोलशास्त्रज्ञ येतायत. सुरमई आण."

रचनाची बोलायची तऱ्हाच तशी होती. पाच वर्षं ती डॉ. विनेश घरत यांच्या हाताखाली पीएचडी करत होती आणि पाच वर्षांत त्या माणसातली एक गोष्ट तिला धड वाटली नव्हती. मनगटात जाड सोन्याचं कडं. बोलणं असं की शेजारच्या इमारतीत ऐकू जावं. घर उरणकडचं, वडिलांचा ट्रकचा धंदा, आणि त्याची लाज वाटायची सोडून हा माणूस परिषदेतसुद्धा दुर्बिणीला 'गाडी' आणि निरीक्षणाला 'खेप' म्हणायचा. परदेशी लोक हसायचे, सर त्यांच्याहून मोठ्याने हसायचे आणि रचना खाली मान घालून वहीत रेघोट्या मारत बसायची.

ती स्वतः बोर्ली पंचतनच्या धम्मदीप गुरुजींची मुलगी. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पुस्तकांची दोन कपाटं, आणि जेवताना कुणाचा उच्चार चुकला तर गुरुजींचा घास हातातच थांबायचा. अशा घरातून निघून ताऱ्यांपर्यंत पोचलेल्या मुलीला "स्पेक्ट्रम काय झ्याक आलाय!" असं ओरडणारा मार्गदर्शक मिळावा, हा तिला आपला मुद्दाम केलेला अपमान वाटायचा. नाकाने कांदे सोलायची सवय लागली की सगळीकडे कांदेच दिसतात, तसं तिचं झालं होतं. तिच्या फेलोशिपची मुदत संपत आली तेव्हा सर स्वतः दिल्लीला जाऊन, चार टेबलांवर भांडून ती वाढवून घेऊन आले. रचना म्हणाली, "मिरवायला गेले होते." ओंकार म्हणून दुसरा एक विद्यार्थी होता, त्याच्या लेखावर सरांनी त्याचं नाव पहिलं टाकलं. रचना म्हणाली, "हुजरेगिरीचं बक्षीस." कुठलीही गोष्ट दिलीत तरी ती तिचं असंच काहीतरी करून परत देत असे.

आता हे थोर खगोलशास्त्रज्ञ तिच्याच घरी का येत होते, तर दुर्बिणीमुळे. दुर्बीण होती चिलीतल्या एका डोंगरावर. हल्ली तिथवर जावं लागत नाही. चांगलं इंटरनेट असेल तर घरात बसून, तिथल्या ऑपरेटरशी बोलत बोलत ती चालवता येते. तिथली मध्यरात्र ते पहाट म्हणजे आपला सकाळचा चहा ते दुपारचं जेवण. वर्षभर अर्ज करून मिळालेली ती अर्धी रात्र नेमकी दिवाळीच्या सुट्टीत आली, संस्थेला कुलूप. सर म्हणाले, "तुमच्या बोर्लीला फायबर आलाय ना? मंग तिकडंच करू. कामाचं काम, समुद्राचा समुद्र." झालं. मार्गदर्शक म्हणावा की सहलीचा कंत्राटदार, हे रचनाने ओंकारला विचारलं होतं. ओंकार नुसता हसला. तो सगळ्यालाच नुसता हसायचा.

पण रचनाचं सगळं त्या अर्ध्या रात्रीवर टांगलेलं होतं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं, आणि मार्चमध्ये फेलोशिप बंद होणार होती. हजारो वर्षांपूर्वी फुटलेला एक तारा, त्याचा मागे राहिलेला अवशेष, त्या स्फोटाची अजून पसरत चाललेली लाट, आणि त्या लाटेच्या वाटेत सापडलेला वायूचा एक ढग. लाट ढगावर आपटली की वायू तापतो, चमकतो. त्या चमकेतले रंग फोडून वेगळे केले की कुठल्या रंगाची रेघ किती ठळक यावरून कळतं, ढगाला खरोखर तडाखा बसलाय की तो नुसताच शेजारच्या ताऱ्यांच्या उजेडात उजळलाय. हायड्रोजनच्या लाल रेघेशेजारी गंधकाची जोडी चांगली ठळक दिसली, तर तडाखा बसलाय. एवढं सिद्ध झालं की रचना डॉक्टर होणार होती. नाही झालं, तर पुन्हा वर्षभर वाट, आणि तीही सरांच्या हाताखाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप मांडले गेले. गुरुजी चष्मा पुसून खुर्ची ओढून बसले. पडद्याच्या कोपऱ्यात चिलीतली ऑपरेटर बाई लोकरीच्या टोपीत दिसत होती, आणि इकडे सर बनियनवर पंख्याखाली बसले होते. कॅमेरा बंद ठेवायची बुद्धी सरांबरोबर आलेल्या ओंकारला झाली हे नशीब.

पहिली दोन निरीक्षणं झाल्यावर रचना म्हणाली, "सर, आता थोडा वेळ अवशेषाच्या बाहेर नेऊ या दुर्बीण. रिकामं आकाश घेऊ."

"कशाला?"

कशाला ते त्यांना माहीत असायला हवं होतं. दुर्बिणीत येणारा उजेड एकट्या ढगाचा नसतो. त्यात पृथ्वीच्या हवेची स्वतःची मंद झळाळी मिसळलेली असते. ती वजा करावी लागते. ज्या अरुंद फटीतून उजेड आत घेतात तिच्या दोन टोकांना सहसा काही नसतं, म्हणून टोकांचा उजेड मधल्यातून वजा केला की काम भागतं. पण हा अवशेष पौर्णिमेचे कितीतरी चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत एवढा पसरलेला. फटीच्या टोकांनासुद्धा त्याचाच हायड्रोजन. रचनाने हे सगळं शांतपणे सांगितलं. म्हणजे तिला ते शांत वाटलं. तिच्या आईला आतल्या खोलीत ते खडसावल्यासारखं ऐकू आलं.

"अगो, टोकाला कितीसा असणार तो?" सर म्हणाले. "वर्षभर थांबून मिळालेली गाडी, ती रिकाम्या जागेला न्यायची? आमचा बापूस सांगायचा, एकवेळ गाडी घरी उभी ठेव, पण रिकामी खेप मारू नको. काय गुरुजी?"

आणि गुरुजी हसले. मनापासून हसले. रचनाला सरांच्या बोलण्याहून ते हसणं जास्त लागलं. तिने तोंड मिटलं ते मिटलंच.

दुपारी सुरमईचा वास टेबलापर्यंत आला तशी सरांची चुळबुळ सुरू झाली. शेवटचं निरीक्षण उरलं होतं. "परत ढगच लाव," असं सांगून ते ओंकारला घेऊन स्वयंपाकघरात गेले, आणि लगेच त्यांचा आवाज आला, "वैनी, तुमच्या हाताला काय चव हाय ओ!" रचनाने पडद्यावरच्या बाईला नवे आकडे दिले आणि दुर्बीण अवशेषापासून लांब, जिथे काहीच नाही अशा जागी नेली. चिलीत पहाट व्हायला आली तोवर तिच्याकडे रिकामं आकाश होतं. सर बोटं चाटत परत आले. कुठलं निरीक्षण कुठे केलं हे ते कधी बघत नसत, आताही बघितलं नाही. या माणसाला लोक प्राध्यापक म्हणतात, असं तिच्या मनात आलं आणि तिला बरं वाटलं.

चहाच्या आधी ओंकारने सरांच्या पद्धतीने, फटीची टोकं वजा करून, पहिला कच्चा आलेख काढला. सर वाकले. मग ओरडले. आई धावत बाहेर आली, तिला वाटलं कुणाला विंचू चावला.

"हायड्रोजनच नाय! गुरुजी, बघा बघा, ऑक्सिजन कसा ताठ उभा हाय, आणि हायड्रोजनची रेघच नाय!" त्यांनी गुरुजींना मिठी मारली. "वाटेतला ढग नाय हा. हायड्रोजन ताऱ्याच्या अंगावर असतो, पोटात नसतो. हा ताऱ्याच्या पोटातला माल हाय, जसाच्या तसा!"

गुरुजींनी रचनाकडे बघितलं. रचना म्हणाली, "छान आहे, सर." आणि आपला लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत गेली.

तिने तोच ढग घेतला आणि त्यातून आपलं रिकामं आकाश वजा केलं. हायड्रोजनची रेघ आपल्या जागी आली, चांगली जाडजूड. शेजारी गंधकाची जोडी, हवी तेवढी ठळक. ताऱ्याच्या पोटातलं वगैरे काही नाही. लाटेच्या तडाख्यात सापडलेला साधा, सभ्य ढग. फटीच्या टोकांना जवळजवळ तेवढाच हायड्रोजन होता; सरांनी ढगातून ढगच वजा केला होता. रचनाच्या प्रबंधाला हवं होतं ते अगदी तसंच्या तसं समोर होतं, आणि तिला एवढा आनंद झाला की ती एकटीच हसली. पण त्या आनंदात प्रबंधाचा वाटा किती आणि सरांचं थोबाड फुटणार याचा किती, हे तिने वेगळं करून पाहिलं नाही.

बाहेर सर फोनवर कुणाला तरी सांगत होते, "जगात कुणी बघितला नाय असा माल गावलाय." तिने लॅपटॉप मिटला.

संध्याकाळी सर आणि ओंकार समुद्रावर गेले तेव्हा गुरुजी ओट्यावर येऊन बसले. "तू मघाशी 'छान' म्हणालीस," ते म्हणाले. "तुझं छान मला माहीत आहे. काय चुकलंय?"

तिने सांगितलं. कुणाला तरी सांगायचंच होतं. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं.

"मग सरांना बोललीस?"

"त्यांनी विचारलं कुठे? त्यांना रिकामी खेप नको होती. तुम्हीही हसलात."

"मी हसलो ते त्यांच्या बोलण्याला. म्हणून तू गप्प बसणार?"

"बाबा, तो माणूस उद्या स्वतःच्या नावाचा ढोल बडवणार आहे. बडवू दे. जगातला कुणीही शहाणा माणूस चार दिवसांत ते फाडून ठेवेल. मग कळेल त्यांना, विज्ञान म्हणजे ट्रक हाकणं नव्हे."

"वर्गात असतीस तर तुला बाकावर उभं केलं असतं," गुरुजी म्हणाले आणि उठून आत गेले.

तिला बाबांचीही कीव आली. साधी माणसं, कुणीही मिठी मारली की विरघळतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या सभागृहात सरांचं व्याख्यान होतं. ते गुरुजींनी महिनाभर आधी ठरवलेलं. प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर निळी चादर, झेंडूचे हार, माइकची शिट्टी, आणि शेकडो कारणांनी आलेली माणसं, त्यांतलं एकही कारण खगोलशास्त्र नव्हतं. रचना मागच्या रांगेत बसली. सरांनी कडं सावरलं, माइक हातात घेतला, आणि तिने डोळे मिटून घेतले.

"तुमच्या खाडीत फेरी जाते," सर सुरू झाले, "तिची लाट किनाऱ्याच्या होड्यांना लागते. होड्या हलतात, एकमेकींवर आपटतात. फेरी केव्हाच गेलेली असते, पण होड्या बघून कळतं, मोठं काहीतरी इथून गेलंय. आम्ही तारा बघत नाय. तो गेला. आम्ही होड्या बघतो."

पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना हलवल्या. रचनाला चीड आली, कारण उदाहरण चांगलं होतं. मग सर त्या ढगावर आले. हायड्रोजन नाही, ऑक्सिजन आहे, ताऱ्याच्या पोटातला माल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता 'मी' येणार, ती वाट बघत राहिली.

"आमच्या बापसाचा एक नियम होता," सर म्हणाले. "लोक ट्रकच्या कपाळावर मालकाचं नाव रंगवतात, नायतर देवाचं. आमचा बापूस ड्रायव्हरचं रंगवायचा. लोक हसायचे. तो बोलायचा, खड्ड्यातनं गाडी यो काढतो, नाव पण याचंच पुढं. मी मालक होऊन मागं बसतो." मग सर मागच्या रांगेकडे वळले. "हा ढग पाच वर्षं जिनं धरून ठेवला ती तुमच्या गावची पोर हाय. शोध तिचा. आज सकाळी जगभरच्या सगळ्या खगोलशास्त्रज्ञांना सूचना गेली, दुसऱ्या कुणी हात मारायच्या आधी. तिच्यावर पहिलं नाव रचनाचं हाय. माझं शेवटी. गुरुजी, पोरीला पुढं पाठवा."

सभागृह उठून उभं राहिलं. आई पदराने डोळे पुसत होती. गुरुजी मात्र टाळ्या वाजवत नव्हते; ते मान वळवून मागच्या रांगेकडे बघत होते, शाळेत उत्तराची वाट बघायचे तसे.

रचना उठून चालू लागली. तिच्या नावावर. तिच्या नावाने, पहिल्या नावाने, जगातल्या प्रत्येक शहाण्या माणसाकडे ते गेलं होतं, आणि ते शहाणे आता जे फाडणार होते ते तिचं होतं. कुणीतरी तिला व्यासपीठावर चढवलं. सरांनी शाल उलगडली आणि ती तिच्या खांद्यावर घालायला ते जवळ आले. फोटोवाला म्हणाला, "इकडे बघा."

"सर," ती ओठ न हलवता म्हणाली, "ते चुकलंय. हायड्रोजन आहे. मी रिकामं आकाश घेतलं होतं."

सरांचं हसू फोटोसाठी तसंच राहिलं. "कवा कळलं?"

"काल. तुम्ही चहा घेत होतात तेव्हा."

फोटो निघाला. सरांनी शालीचं टोक तिच्या खांद्यावर नीट केलं, अगदी हळू, आणि माइककडे वळले.

"मंडळी, बसा जरा," ते म्हणाले. "मी आता बोललो ना, नवीन माल गावला, ते खरं नाय. ढग साधाच हाय. चूक झाली, आणि ती माझी. ही पोर मला बोलली होती, रिकामं आकाश बघू. मी बोललो, रिकामी खेप नको. तिनं तरी बघितलं, म्हणून चूक गावली. टाळ्या तिला वाजवा."

आणि लोकांनी वाजवल्या, पहिल्यापेक्षा जोरात. शोध आणि चूक यांतला फरक त्यांना कळला नव्हता, कळायचं कारणही नव्हतं. मास्तर चूक कबूल करतो एवढं त्यांना दिसलं आणि ते त्यांना आवडलं. रचना शाल पांघरून उभी होती. तिला तिथून पळून जायचं होतं.

बाहेर गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून ओंकार सूचना मागे घेण्याचा मजकूर लिहीत होता. पहिल्यांदाच तो हसत नव्हता.

"सर, नावं? आहे तशीच ठेवू?"

"नाय. माझं एकट्याचं टाक. वजाबाकी मी करायला सांगितली."

रचना पुढे आली. "सर, पहिल्या सूचनेवर माझं नाव आहे. मागे घेतानाही माझं असायला हवं. चूक माझीही..."

"तुझी कसली चूक?" सर म्हणाले. आवाज अजिबात मोठा नव्हता. पाच वर्षांत तिने तो एवढा लहान कधी ऐकला नव्हता. "चूक न कळणाऱ्याची असते. तुला तर माहीत होतं."

रचनाने खांद्यावरची शाल काढून हातात घेतली.

"प्रबंध जानेवारीत दे," सर म्हणाले. "सही करीन. काम चांगलं हाय तुझं." मग त्यांनी गुरुजींना वाकून नमस्कार केला, आईला जेवणाबद्दल पुन्हा एकदा सांगितलं आणि गाडीचं दार उघडलं. आत बसता बसता त्यांनी एकदा वर बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. खालच्या ओठाला किंचित मुरड, पापण्या थोड्या उतरलेल्या, समोरच्याला एकदा मापून कायमचं बाजूला ठेवलेलं. रचनाला ती नजर ओळखायला वेळ लागला नाही. पाच वर्षं ती तिचीच होती.